मी वाचायचे, बा बोलायचा

९ जानेवारी १९७६, हसनाबाद

बा जाऊन आज पाच दिवस झाले.

ही वही अर्थशास्त्राची. मागची पानं कोरी होती. घरात माणसं मावत नाहीत आणि मला एका जागी बसवत नाही. विहिरीवर जाते, परत येते, चुलीपाशी बसते, उठते. बाया येतात, मायच्या गळ्यात पडून रडतात, मग माझ्याकडं बघून आपसात म्हणतात, "ही पोरगी रडून न्हाई राह्यली." रडते मी. माझा आवाज निघत नाही, एवढंच.

रविवारी बाच्या नावानं जलदानाचा कार्यक्रम. वंदना कोण घेणार, असं तातेराव काकांनी विचारलं. काका म्हणजे बाचे धाकटे भाऊ. शेजारची चांगुणा आजी म्हणाली, "कोण म्हंजे? सत्याच घेईल. दुसऱ्या कोणाला ते पुस्तक वाचता येतंय?"

खरंच कोणाला येत नाही. गावात शिकले ते नोकरीला गेले. मी दहा वर्षांची असल्यापासून आमच्या वस्तीतली सगळी लग्नं, बारशी, मयती मीच वाचल्या.

पण बाची—!

११ जानेवारी

वाचलं. आवाज हलला नाही. पुस्तक हातात असलं की माझा आवाज खणखणीत निघतो, माझा नसल्यासारखा.

वाचून झालं. पुस्तक मिटलं. कोणी उठेना. शंभरएक माणसं मांडी घालून तशीच बसलेली. मला कळेना, काय राहिलं? मग कळलं. माझं वाचून झालं की बा उठायचा, धोतराचा सोगा झटकायचा आणि बोलायचा. सगळे त्याची वाट बघत होते. त्यांनाही आपण वाट बघतोय हे ठाऊक नसावं.

मग काका उठले. म्हणाले, "भावाचं एक काम राह्यलंय. केदारखेड्याच्या साहेबरावला त्यानं दिवाळीत जबान दिल्ती, पोरगी तुमच्या देवानंदला देतो म्हणून. मयतीच्या वर्षात उरकून टाकू. भावाची जबान खाली पडायची न्हाई."

माणसं म्हणाली, बराबर आहे.

मला हे आज कळलं! सगळ्या गावासोबत!

१२ जानेवारी

मायला विचारायचं होतं. ती भांडी घासत होती. मी राखेचा डबा तिच्या पुढं सरकवला आणि परत आले.

१४ जानेवारी, जालना

मस्तगडच्या खोलीवर आले. बेबीनंदा माझ्या वर्गातली, खोलीतली जोडीदारीण. तिनं चहा केला. म्हणाली, "देवानंद कोण? एस. टी.तला कंडक्टर? भोकरदन गाडीवर असतो तो? बरा दिसतो गं."

मी कपातच बघत राहिले.

"दिसायला बरा आहे म्हटलं, कर म्हटलं न्हाई. तुला करायचं का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग सांग की तसं काकाला."

हे ती पाणी दे म्हटल्यासारखं म्हणते.

देवानंदमध्ये खोट नाही. पण लग्न झालं की केदारखेडा, आणि मग बी. ए.चं तिसरं वर्ष संपलं. साहेबराव म्हणालेत म्हणे, दोन वर्ष शिकली, बस झालं, आमचं पोरगं मॅट्रिक आहे. एक वर्ष राहिलंय माझं. एकच!

१७ जानेवारी

आज पौर्णिमा, वस्तीत वंदनेचा दिवस. घरी गेले नाही. कोणी वाचलं असेल? वाचलंच नसेल.

संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत. काही काम नव्हतं.

२० जानेवारी

वाचनालयात पेपर बघत होते. विहिरींच्या कर्जाची बातमी आली होती. हे बाला आवडेल, असं मनात आलं आणि तारीख लिहून घेतली. लिहून झाल्यावर हातातली पेन्सिल तशीच राहिली.

बाला अक्षर येत नव्हतं. निजामाच्या वेळी शाळा उर्दूची, आणि बा गुरांमागं. माझा जन्म छप्पनच्या डिसेंबरातला, दीक्षेनंतर दोन महिन्यांनी. बानं ठरवलं, ही वाचंल. शाळेत घालायच्या आधीच शिकवायला लागला. आता, अक्षर न येणारा माणूस शिकवणार कसा? तो मला खांद्यावर घेऊन गाडी थांबते तिथं जायचा आणि एस. टी.ची पाटी दाखवायचा. "ही गाडी जालन्याची. म्हंजी तिच्यावर जालना लिव्हलंय. आता ह्याच्यातलं ‘ज’ कोणतं ते तूच हुडक." मी म्हणे, पहिलं. "बराबर!" पुढची गाडी भोकरदनची. अशी मी गाड्यांवर शिकले. पहिलीत बसले तेव्हा मला सगळ्या गावांची नावं लिहिता येत होती आणि कमळ येत नव्हतं. गुरुजी हसले होते.

आठवं वर्ष लागलं तसा बा किराणा दुकानातून गुळाला गुंडाळलेला पेपर जपून आणायला लागला. मी वाचायचे. महिन्याची जुनी बातमी, अर्धी फाटलेली. बा डोळे मिटून ऐकायचा. दोनदा ऐकलं की पाठ. आणि मग पौर्णिमेला त्याचं भाषण करायचा.

पेपरात चार ओळी असायच्या. बाच्या तोंडातून अर्धा तास निघायचा! "पेपरात छापून आलंय" म्हणायचा आणि पेपरात नसलेलंच जास्त सांगायचा. एकदा कुठल्या तरी गावात मुलींच्या शाळेला खोली बांधली, एवढीच बातमी होती. बानं सांगितलं की तिथले पाटील स्वतः मुलींची दप्तरं उचलून नेतात. मी समोरच बसलेले. लाजेनं खाली बघत होते. नेमकं काय छापलंय हे मला एकटीलाच माहीत. पण त्या वर्षी वस्तीतल्या तीन मुली शाळेत आल्या.

घरी येताना विचारलं होतं, "बा, दप्तराचं न्हाई लिव्हलेलं."

"ऱ्हायलं असंल त्यांच्याकडून," बा म्हणाला. "वाचायचं काम तुझं, बोलायचं माझं. आपण दोघं मिळून एक शिकलेला माणूस व्हतो."

२१ जानेवारी

कालचं वाक्य लिहिलं आणि नंतर झोप लागली नाही. बा गेला म्हणजे माझ्यातलं बोलणारं माणूसच गेलं. उरलं काय? पुस्तक.

२८ जानेवारी

कॉलेजच्या फलकावर कमी हजेरीवाल्यांची नावं लागली. त्यात माझं! एक तास बुडवला नाही मी, बाचे दहा दिवस सोडले तर. बेबीनंदा हसून हसून खाली बसली. "तू ‘हजर’ म्हणतीस ते तुझ्या नाकालाही ऐकू जात न्हाई. सर काय करतील?"

ती मला ओढत क्लार्कच्या खिडकीपाशी घेऊन गेली. क्लार्क म्हणाले, "बोला."

मी वहीतला कागद काढला. अर्ज लिहूनच नेला होता. त्यांनी वाचला. "अक्षर फस्क्लास आहे बाई तुमचं. पण हे तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

हजेरी भरून मिळाली. बाहेर आल्यावर बेबीनंदा म्हणाली, "कागदावर वाघीण, तोंडानं शेळी."

चूक नाही तिची. दुष्काळात खडीच्या कामावर मी मॅट्रिकचा अभ्यास करता करता मुकादमाचं मस्टर लिहायचे. दीडशे माणसं. मी नाव वाचायचे, लोक "हाय!" म्हणून ओरडायचे. तिथंही वाचायचंच काम. एक दिवस तुळजाबाईला ऊन लागलं, पडली, आणि मुकादमाला हाक मारायची होती. माझ्यापासून वीस हातांवर तो होता. मी हाक मारली नाही. पळत गेले आणि त्याची बाही ओढली. तुळजाबाई वाचली. पण ते वीस हात मी विसरलेले नाही.

३ फेब्रुवारी

काकांचं कार्ड. पोस्टमनकडून लिहून घेतलेलं दिसतंय. "एकोणतीस तारखेला रविवारी पाहुणे येणार. तारीख धरायची. वैशाखी पौर्णिमेला लग्न. जल्दी येणे. तुझी आई बरी आहे."

परीक्षा एप्रिलमध्ये. लग्न मेमध्ये. काका म्हणतील, परीक्षा तर देऊ दिली की!

४ फेब्रुवारी

बावर राग आला आज. भयंकर. माणूस मेल्यावर त्याच्यावर रागवावं का? मला का नाही विचारलं? दर पौर्णिमेला मुलींनी शिकावं म्हणून घसा फोडायचा आणि घरातल्या मुलीची जबान देऊन मोकळा! शेवटचे दोन दिवस मी त्याच्या उशाशीच होते. ताप होता, पण बोलत होता. पेपर वाच म्हणाला, वाचला. पाणी दे म्हणाला, दिलं. एवढी मोठी गोष्ट सांगायला सुचली नाही?

का मला सांगून काय उपयोग, असं वाटलं? ही काय बोलणार आहे.

६ फेब्रुवारी

काही वाचवत नाही. एकच पान तीनदा.

९ फेब्रुवारी

ठरवलं. लिहायचं! मला लिहिता येतं ना? मग लिहून वाचायचं. पंधरा तारखेला माघी पौर्णिमा, सगळी वस्ती जमेल. वंदना झाली की बाच्या जागी उभं राहून वाचायचं. कागद हातात असला की माझा आवाज निघतो.

१३ फेब्रुवारी

चार दिवस खोडून खोडून लिहिलं. बेबीनंदाला वाचून दाखवलं. म्हणाली, "लई भारी मराठी आहे. निबंधाला बक्षीस मिळंल." मग कागद परत देत, "तुझी चांगुणा आजी ‘विवाहबंधन’ म्हणते का गं?"

मी लक्ष दिलं नाही.

१६ फेब्रुवारी

काय झालं ते लिहिते. हसू येतंय आणि रडूही.

काल संध्याकाळी सगळे जमले. पंचशील ध्वजाखाली बाबासाहेबांचा आणि भगवंतांचा फोटो, फुलं, मेणबत्ती. मी वंदना घेतली. सगळे हात जोडून बसलेले. वंदना संपली तेव्हा मी पुस्तक मिटलं नाही. त्यातच ठेवलेला माझा कागद काढला आणि वाचायला लागले.

"उपस्थित बंधुभगिनींनो, माझे विद्यार्जन अपूर्ण असताना विवाहबंधनात पडण्याची माझी इच्छा नाही..."

पहिल्या ओळीलाच मला ऐकू आलं. तीच चाल लागली होती! वंदनेची. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज तसाच लांबतोय, तसाच खाली येतोय. नऊ वर्षांची सवय. मी मोडायला बघितलं, मोडेना. आणि समोर बघितलं तर सगळे हात जोडून, डोळे मिटून बसलेले. म्हातारी माणसं डुलत होती. एवढी वर्षं मी पालीत वाचते आणि ते न कळता श्रद्धेनं ऐकतात. हेही तसंच ऐकत होते.

मी वाचलं, "माझ्या पित्याने दिलेल्या शब्दाविषयी माझी संमती घेण्यात आली नव्हती." आणि थांबले. कागद संपला होता.

वंदनेच्या शेवटी म्हणते तसं सगळी वस्ती एका आवाजात म्हणाली, "साधू! साधू! साधू!"

आणि उठली. पोरं खिरीच्या पातेल्याकडं पळाली. काका तिथंच होते, पळी घेऊन, पोरांना ओळीत बसवत होते. त्यांनी एक शब्द ऐकला नसावा. लांबूनच म्हणाले, "छान वाचलंस. भावाला शांती मिळाली असंल."

चांगुणा आजी जवळ आली, माझ्या गालावरून हात फिरवला. "आज नवंच वाचलंस गं. लई गोड व्हतं. कोणत्या बुकातलं?"

सांगायचं होतं की आजी, बुकातलं नाही, माझं आहे. एवढंच सांगायचं होतं. आजीला! जिनं मला न्हाऊ घातलंय तिला! तोंड उघडलं.

"खीर घे, आजी," म्हणाले.

माय एका बाजूला बसली होती. खीर तिच्यापुढं तशीच. माझ्याकडं बघत होती.

१७ फेब्रुवारी, जालना

बेबीनंदाला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "सत्या, ह्या बारीला कागद नेऊ नको. जाळ तो."

जाळला नाही. पण नेणारही नाही.

१९ फेब्रुवारी

खोलीत एकटी असताना बोलून बघते. भिंतीशी. "काका, मला..." इथंच अडतं. "काका, मला" च्या पुढं काय घालायचं असतं?

२३ फेब्रुवारी

सहा दिवस राहिले. पाय दुखेपर्यंत चालते. मस्तगडातले दुकानदार ओळखायला लागले. एकानं विचारलं, "बाई, काय हरवलं का तुमचं?"

२६ फेब्रुवारी

आज एक मजेशीर गोष्ट. मी बासारखं बोलून बघितलं. त्याच्या आवाजात, हात कमरेवर ठेवून. "आता ऐका मंडळी!" भराभर आलं! बेबीनंदा दारात उभी होती ते मला कळलंच नाही. "कोण आलंय आत?" म्हणाली.

१ मार्च, हसनाबाद

काल झालं.

साहेबराव आले, सोबत दोन माणसं. देवानंद आला नाही, ड्यूटी होती. अंगणात घोंगडी अंथरली. काका, वस्तीतली चार मोठी माणसं, चांगुणा आजी खांबाला टेकून. माय चुलीपाशी, दारातून दिसत होती. मी चहा दिला. काकांनी कॅलेंडर काढलं. साहेबराव म्हणाले, "पौर्णिमाच धरा. तेरा मे. अप्पारावनं माझ्या हातावर हात ठेवून जबान दिल्ती. आमची बिलकुल घाई न्हाई, पण मयतीचं वर्ष हाय."

काका म्हणाले, "धरली. सत्या, तेराला लिव्ह गं कॅलेंडरवर."

पेन्सिल माझ्या हातात दिली. सगळे माझ्याकडं बघत होते. लिहायचंच होतं मला, लिहिणं तर येतं! मी कॅलेंडर घेतलं. आणि खाली ठेवलं.

"बा मला बोलला व्हता," मी म्हणाले.

कसा आला आवाज? ठाऊक नाही. चाल नव्हती त्यात. फाटका, घोगरा, कोंबड्यासारखा. चांगुणा आजी खांबापासून सरळ झाली.

"काय बोलला?" काका.

"जबान मोडायची न्हाई, म्हणाला. केदारखेड्यालाच द्यायचं. पण बी. ए. झाल्याबिगर पाठवायचं न्हाई."

 मी तिथंच थांबले असते तर बरं, पण थांबताच येईना! तोंडातून पुढचं पुढचं निघत गेलं. म्हणाले, "मी विचारलं, बा, पाव्हणे ऐकतील का? तर बा म्हणाला, साहेबराव शिक्षणाला आडवा येणारा माणूसच न्हाई. सगळ्या भोकरदन तालुक्यात त्याच्यासारखा समजदार माणूस मी बघितला न्हाई. त्याच्या घरात पदवीधर सून गेली तर केदारखेड्याला पहिली असंल, म्हणाला. गाव बघायला येईल, म्हणाला."

साहेबरावांनी बशी खाली ठेवली. "अप्पाराव... असं म्हणाला?"

"दोन जानेवारीला. दुपारी. पेपर वाचून झाल्यावर."

बा यातलं एक अक्षर बोलला नव्हता. एक अक्षर!

कोणी शंका घेतली नाही. कसे घेतील? एवढ्या वर्षांत मी लिहिलेलं सोडून काही बोललेच नाही, मग हेही कुठं तरी लिहिलेलंच असणार. एकटे काका माझ्याकडं बारीक डोळे करून बघत होते. "मला न्हाई बोलला भाऊ असं," म्हणाले.

साहेबरावांनी दाराकडं मान वळवली. "वहिनी, तुम्ही तर उशापाशीच व्हत्या. खरं का हे?"

माय लाकूड सारत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"व्हय. बोलले व्हते."

साहेबरावांनी काकांकडं बघितलं. मग मांडीवर थाप मारली. "मंग थांबू. पुढल्या सालच्या पौर्णिमेला. काय तातेराव? पदवीधर सून म्हणल्यावर खर्चा बी तसाच करावा लागंल तुम्हाला!" सगळे हसले.

चांगुणा आजी जाताना माझा हात धरून म्हणाली, "तुझा आवाज असा हाय व्हय? मला वाटलं, वाचतीस तोच." आणि आपल्याशीच हसत गेली.

जिंकले. आणि रात्रभर डोळा लागला नाही. पंचशीलातलं चौथं शील, खोटं बोलणार नाही, हे मी सगळ्या वस्तीकडून दर पौर्णिमेला म्हणवून घेते. आणि बोलले ते कोणाच्या नावावर? बाच्या. त्याला आता नाही म्हणता येत नाही. मायलाही खोट्यात ओढलं.

पण हेही लिहिते, वही माझीच आहे. बोलताना मला बरं वाटत होतं.

२ मार्च

सकाळी नऊची गाडी. निघायच्या आधी मायला विचारलं. तोंडानं. "माय, बानं खरंच जबान दिल्ती का? का काकानंच रचलं?"

"दिल्ती," माय म्हणाली. "मीच द्यायला लावली. ते नगं म्हणत व्हते. दोन महिने भांडले मी त्यांच्याशी. म्हणलं, तुमच्या माघारी ह्या मुक्या पोरीचं कसं व्हायचं, हिला तोंड न्हाई."

"मंग परवा ‘व्हय’ का म्हणालीस?"

तिनं भाकरी फडक्यात बांधली, गाठ मारली, माझ्या पिशवीत घातली.

"जा," म्हणाली. "गाडी चुकंल."